घोटभर डाय

१

हृदयाचे डॉक्टर स्वतःच्याच तपासणीच्या खोलीत पालथे पडले होते आणि त्यांच्या डोक्याचा मागचा भाग जागेवर नव्हता. सलाइन टांगायचा लोखंडी स्टँड शेजारी आडवा पडला होता, मधोमध वाकलेला. लोखंड वाकेपर्यंत माणसाला मारायचं हे एका फटक्याचं काम नव्हे. मारणाऱ्याने डॉक्टर पडल्यावर हात आवरला नव्हता आणि मेल्यावरही आवरला नव्हता. फौजदारकीत मी बरीच मढी पाहिली आहेत, तरी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

परत आत आलो तर बूट फरशीला चिकटायला लागले. मला वाटलं रक्त, पण रक्त पलीकडे होतं. इथे पाकासारखं चिकट, बिनरंगाचं काहीतरी सांडलं होतं आणि त्यात काचाच काचा. भिंतीवरच्या कपाटाचं दार उचकटलेलं होतं आणि आतली एकूण एक बाटली फोडलेली होती. हा डाय, असं तिथल्या टेक्निशियनने सांगितलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून बारीक नळीतून आत सोडतात ते औषध.

आमच्या इन्स्पेक्टरबाई दारातच उभ्या राहून शिंकत होत्या. हॉस्पिटलचा वास त्यांना अजिबात सोसत नाही, प्रेताचा सोसतो. मी त्यांना म्हटलं, प्रकरण सरळ आहे. लिव्हर खराब झालेल्या एका पेशंटच्या बायकोने याच डॉक्टरांच्या केबिनची काच परवा फोडली होती आणि सगळ्यांदेखत त्यांचा जीव घ्यायची भाषा केली होती. तिच्या नवऱ्याचं लिव्हर बदलायचं होतं. त्याआधी हृदय तपासावं लागतं, पण तपासणीतल्या डायने त्याच्या किडन्या जातील, म्हणून ती करता येणार नाही असं घरच्यांना सांगण्यात आलं होतं. तपासणी नाही म्हणून ऑपरेशन नाही आणि ऑपरेशन नाही म्हणजे नवऱ्याने मरणाची वाट पाहायची. आता बाईला ताब्यात घ्यायची आणि जेवायला जायचं, एवढंच उरलं होतं.

बाईंनी नाक पुसलं. "फौजदार, जिला ती तपासणी हवी होती, ती डायच्या बाटल्या कशाला फोडेल?"

मी म्हटलं, रागाला डोळे नसतात.

"नसतात. पण या कपाटाला कुलूप होतं. डॉक्टर मेल्यावर कोणीतरी सावकाश बसून ते तोडलंय." त्या पुन्हा शिंकल्या. "रागावलेला माणूस सावकाश बसत नाही."

२

टेक्निशियनवरही माझा डोळा होता. रजेवरून त्याचं आणि डॉक्टरांचं मागच्या आठवड्यात चांगलंच वाजलं होतं. मी त्याला घाम फोडला, पण नुकताच कामावर आलेला खालचा पहारेकरी शपथेवर सांगायला तयार होता की हा आत शिरला आणि लगेच बोंब मारतच बाहेर आला. तेवढ्यात कोणाचं डोकं फोडून, कुलूप तोडून, पन्नासेक बाटल्यांचा चुरा होत नाही. मी नाइलाजाने त्याला पाणी दिलं.

बाईंनी त्याला परवाच्या काचेबद्दल विचारलं. तो म्हणाला, काचेची एक चीप उडून डॉक्टरांच्या कपाळात घुसली होती. ती बाई शिव्या देत निघून गेली आणि डॉक्टर रक्त पुसत त्याच्याकडे वळून म्हणाले, "मी नाही म्हणालो? कधी? मला कोणी विचारलंच नाही." मग त्यांनी त्या पेशंटचे सगळे रिपोर्ट मागवून घेतले आणि कपाळाला पट्टीही न लावता वाचत बसले.

मला हे विचित्र वाटलं. माझ्या कपाळात कोणी काच घुसवली असती तर मी आधी तक्रार नोंदवली असती.

लिव्हरच्या पेशंटला डायचा धोका असतो, हे टेक्निशियनलाही मान्य होतं. त्यांच्या अंगावरचं मांस झडलेलं असतं, त्यामुळे किडनीचा रक्तातला आकडा छान दिसतो आणि आतून किडनी दमलेली असते. भलेभले त्या आकड्याला फसतात. पण आमचे साहेब फसणाऱ्यांतले नव्हते, तो म्हणाला. ते आधी पोटातलं पाणी बेताने काढायला लावायचे, जोडीला शिरेतून प्रथिनं द्यायचे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या थांबवायचे, आणि मग मनगटातून नळी घालून अगदी घोटभर डायमध्ये काम उरकायचे. याच आठवड्यात त्यांनी याहून वाईट अवस्थेतल्या एका आजीबाईंची तपासणी केली होती आणि आजीबाई दुसऱ्या दिवशी नर्सशी भांडत होत्या.

"मग या पेशंटला ते नाही म्हणाले असते?" बाईंनी विचारलं.

"साहेब? त्यांना अवघड केस मिळाली की ते शीळ घालायचे."

बाई पुन्हा खोलीत गेल्या. टेबलाशेजारच्या ट्रेवर, फडक्याखाली, मनगटासाठीची बारीक नळी आणि डायची एक छोटी बाटली वेगळी काढून ठेवलेली होती. फोडणाऱ्याच्या नजरेतून तेवढी एकच सुटली होती. दिवसाची पहिली ठरलेली तपासणी दुपारी होती, तीही एका धट्ट्याकट्ट्या माणसाची, नेहमीच्या पद्धतीची.

म्हणजे डॉक्टर त्या सकाळी, हॉस्पिटलात कोणाला न सांगता, लिव्हरच्या पेशंटसाठी ट्रे मांडून बसले होते. त्यांनी तपासणी नाकारलेली नव्हती. ते ती करणार होते.

३

पेशंट वरच्या मजल्यावर होता. लाकडाच्या वखारीचा मालक, घरातला थोरला. एके काळी ओंडका एकटा उचलणारा माणूस, आता हात काटक्या झालेले आणि पोट नगाऱ्यासारखं तट्ट. डोळे हळदीसारखे पिवळे, पण त्यातला धाक शिल्लक होता. उशाशी बायको बसली होती आणि पायाशी धाकटा भाऊ. हाच आपल्या लिव्हरचा तुकडा देणार होता.

त्याच्या या वहिनीने काही लपवलं नाही. "काच मी फोडली. डोकं फोडायचं राहिलं, ते दुसऱ्या कोणी फोडलं असेल तर त्याचं भलं होवो." तिचं म्हणणं असं की लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून समजावलं होतं. जांघेतून नळी घालून बाटलीभर डाय सोडावा लागतो, त्याने किडन्या बंद पडतील आणि मग ऑपरेशनचा प्रश्नच उरणार नाही. हे सांगणं डॉक्टरीणबाईंचं असलं तरी नकार हृदयवाल्याचाच असणार, असं वहिनी स्वतःच धरून चालली होती. सकाळी कुठे होतीस म्हटल्यावर तिने नर्सकडे बोट दाखवलं. ती पहाटेपासून नवऱ्याचं अंग पुसत होती आणि नर्स साक्षीला होती.

मग मी धाकट्याकडे वळलो. तो म्हणाला, मी खाली चहा प्यायला गेलो होतो. त्याचा आवाज इतका मऊ होता की पुढे वाकून ऐकावं लागलं.

तेवढ्यात थोरल्याने उशाचा स्टीलचा तांब्या उचलून त्याच्या तोंडावर भिरकावला. इतक्या अशक्त हातातून तो इतक्या जोरात येईल असं मला वाटलं नव्हतं. धाकट्याची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

"माझ्या चपला," थोरला धापा टाकत म्हणाला. "माझा सदरा. मी अजून मेलो नाही तोवर माझं घालून मिरवतोय."

खरंच, धाकट्याच्या अंगातला सदरा खांद्यावरून ओघळत होता आणि चपला पायांत सैल पडल्या होत्या. माझे कपडे चिखलाने भरले, असं तो पुटपुटला. बाहेर चार दिवस पावसाचा थेंब नव्हता, पण हे मला नंतर आठवलं. त्याने तांब्या उचलला, जागेवर ठेवला, आणि मग रक्त पुसलं. वहिनीने मान वर करूनही पाहिलं नाही. या घरात हे रोजचं असणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती. मला त्या पोराची दया आली, आणि आज ती आठवली की माझाच राग येतो.

थोरला आमच्याकडे पाहून म्हणाला, एक गेला तर दुसरा हृदयवाला आणा, तो करेल. धाकटा त्याच्या पायावरची चादर सारखी करत, समजूत घालावी तसा बोलला.

"दादा, मनगटातून घोटभर डाय सोडायला काय, कोणीही सोडेल. पण तुझ्या किडन्यांना तेवढाही सोसायला हवा ना."

बाईंना नेमकी तेव्हाच शिंक आली. त्या रुमाल तोंडाला लावून खोलीबाहेर पडल्या आणि बाहेर आल्यावर एकदाही शिंकल्या नाहीत.

४

लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, डोळे रडून सुजलेले. हृदयाचे डॉक्टर त्यांचे वर्गमित्र होते.

बाईंनी विचारलं, डायचा धोका आहे हे घरच्यांना कोणी सांगितलं? मी, त्या म्हणाल्या. सांगण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं होतं? त्यावर त्या खिडकीकडे गेल्या.

"धोका खोटा नव्हता," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "अशा पेशंटच्या किडन्या डायने गेलेल्या मी पाहिल्या आहेत. मी फक्त तो होता त्यापेक्षा मोठा करून सांगितला."

"बाटलीभर आणि जांघेतून," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

बाईंनी मग वेगळंच काढलं. लिव्हर देणाऱ्या नातेवाइकाला तुम्ही एकट्याला भेटता का? हो, तो नियमच आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दार लावून, घरच्यांना बाहेर बसवून, एकच विचारायचं, की तुला मनापासून द्यायचंय का. धाकटा काय म्हणाला, असं बाईंनी विचारलं. तो काय म्हणाला ते मी कोणालाही सांगणार नाही, न्यायालयाचा हुकूम आणा, असं त्या म्हणाल्या.

"गरज नाही," बाई उठल्या. "हो म्हणाला असता तर तुम्ही लगेच सांगितलं असतं."

बाहेर, दाराला लागूनच असलेल्या बाकावर धाकटा भुवईला कापूस लावून बसला होता. आम्हाला पाहून अदबीने उठला. डॉक्टरीणबाईंना दादाच्या गोळ्यांचं विचारायचंय, म्हणाला. मीच त्याला आत जायला वाट करून दिली.

जिना उतरताना बाई मला पटापट सांगत होत्या. तळमजल्यावर मळक्या चादरींचा ढीग असेल, त्यात बुडाला डाय चिकटलेल्या चपला आणि रक्ताने भरलेला सदरा शोधायचा. मनगट आणि घोटभर हे शब्द वहिनीला माहीत नव्हते, थोरल्याला माहीत नव्हते. ते फक्त मेलेल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेल्या माणसालाच माहीत असणार. आणि आपल्याला लिव्हर द्यायचं नाही, हे त्या माणसाने जगात एकाच व्यक्तीला सांगितलं होतं.

बोलता बोलता त्या पायरीवर थबकल्या.

"फौजदार, बाकावर कोण बसलं होतं?"

५

दाराला आतून कडी होती. मी खांदा दिला, पहिल्यांदा दार हललं नाही, दुसऱ्यांदा बिजागरीसकट आत गेलं.

त्याने डॉक्टरीणबाईंना टेबलावर उताणं दाबलं होतं आणि दोन्ही हात गळ्यावर होते. ओंडके फिरवणारे हात. त्यांचा चेहरा जांभळा पडला होता, पाय हवेत झाडत होते. धाकटा त्याच मऊ आवाजात एकच म्हणत होता, "तुम्ही शब्द दिला होता. कोणाला कळणार नाही म्हणाला होता."

मी त्याच्या मानेवर ठोसा मारला. तो त्याला लागला की नाही कोण जाणे. एका हाताने त्याने मला उचलल्यासारखं केलं आणि मी काचेच्या कपाटात गेलो. दोन दात तिथेच राहिले. उठलो, कंबरेला मिठी मारली, तर त्याने कोपर माझ्या नाकावर असं हाणलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझ्या रक्ताची चव मला अजून आठवते. आणि त्याचा दुसरा हात गळ्यावरून सुटलाच नव्हता.

बाई माझ्या अर्ध्या उंचीच्या. त्यांनी भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला, दोन्ही हातांनी मागे नेला आणि त्याच्या गुडघ्यावर आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली बसला. दुसरा फटका त्यांनी मनगटावर घातला, तेव्हा कुठे तो गळा सुटला.

डॉक्टरीणबाई टेबलावरून घसरून जमिनीवर आल्या आणि घशातून घरघर करत श्वास ओढू लागल्या. त्यांना बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य त्यांनी त्यालाच उद्देशून म्हटलं. "मी खरंच कोणालाही सांगितलं नाही रे. त्यांनासुद्धा नाही."

त्यांनासुद्धा म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांना. घोटाळा तिथेच होता.

६

गुडघ्याला फळी बांधून होईतो त्याने सगळं सांगितलं. अडखळला नाही, रडला नाही.

बंद दारामागे डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा त्याने नको म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच. पण घरी कळलं तर दादा जिवंत सोडणार नाही, असंही म्हणाला होता. बाप गेल्यावर थोरल्याने त्याला वाढवलं, खाऊ घातलं, आणि उलट शब्दाला लाकडाच्या फळीने फोडून काढलं. अशा वेळी डॉक्टर मंडळी देणाऱ्याला पाठीशी घालतात आणि घरच्यांना वैद्यकीय कारण सांगतात. तशी रीतच आहे. धाकट्याच्या तब्येतीत काही खोट सापडेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी थोरल्याच्या किडन्या पुढे केल्या. कारण असं निवडलं की कोणाला शंका येऊ नये, आणि गुपित असं पाळलं की शेजारच्या खात्यातल्या वर्गमित्रालाही पत्ता लागू दिला नाही.

मग वहिनीने त्या वर्गमित्राची काच फोडली. तिने ती फोडली नसती तर त्यांना या पेशंटचं नावही कळलं नसतं. भल्या माणसाने रिपोर्ट वाचले आणि त्यांना वाटलं, कोणीतरी उगाच घाबरलंय, हे तर जमण्यासारखं आहे. खुनाच्या आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात धाकटा भेटला, त्याला त्यांनी आनंदाने सगळं समजावलं. मनगटातून करू, घोटभर डाय पुरेल, घरी विचारून सकाळी मला सांग. धाकट्याने घरी काहीच विचारलं नाही. सकाळी एकटाच खाली गेला आणि करू नका म्हणून त्यांच्या पाया पडला. डॉक्टर हसले. भावाच्या काळजीने हा भेदरलाय, असं त्यांना वाटलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, भिऊ नकोस, मीच वर येऊन वहिनीला सांगतो. आणि दाराकडे वळले.

"तेव्हा त्यांना खरं सांगायचं होतंस," मी म्हटलं. फुटक्या तोंडाने शब्द नीट येत नव्हते. "की मला द्यायचं नाही. एवढंच."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला उडायला सांगत होतो.

बाटल्या का फोडल्या, यावर तो म्हणाला, डाय उरला तर दुसरा कोणीतरी येईल असं वाटलं.

चपला आणि सदरा चादरींच्या ढिगात सापडले. त्याला खाकी गाडीत घालायचं तेवढं बाकी होतं, पण लिफ्ट थोरल्याच्या खोलीच्या समोरच होती आणि वहिनीने आम्हाला येताना पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. हॉस्पिटलात भिंतींनाही कान असतात. थोरल्याने त्याला आत आणा म्हणून फर्मावलं आणि का कोण जाणे, बाईंनी ते ऐकलं. हातकड्या घातलेल्या धाकट्याला मी पलंगापाशी धरून उभा केला.

मला वाटलं होतं, ती रडेल. भाऊ खुनी निघाला म्हणून थोरला तरी हंबरडा फोडेल. वहिनीने पदर सावरला आणि बाईंना विचारलं.

"तुरुंगात नेल्यावर लिव्हर देता येतं का? म्हणजे, कोणाची परवानगी काढावी लागते?"

बाईंनी रुमाल काढून नाकाला लावला.

"देईल तो," थोरला म्हणाला. त्याची नजर भावाच्या तोंडाकडे नव्हती, बरगड्यांखाली उजव्या बाजूला होती. "आता तर तिथे बसून दुसरं कामही नाही. देशील ना रे?"

धाकट्याचा दंड माझ्या हातात होता. त्याच माणसाने सकाळी लोखंड वाकवलं होतं, पण आत्ता फळीतल्या गुडघ्यामुळे त्याला उभं राहायलाही माझा आधार लागत होता.

"नाही," तो म्हणाला.

मग थोरला कोपरावर उठला, पिवळा झालेला हात वर गेला आणि भावाच्या गालावर आला. फारसा आवाजही झाला नाही. धाकट्याने तोंड फिरवलं नाही.

"नाही देणार, दादा," तो पुन्हा म्हणाला.

मला त्या क्षणी त्या तिघांचाही भयंकर संताप आला. खाली डॉक्टर पांढऱ्या चादरीत गुंडाळले जात होते. बाईंनी मला खूण केली आणि मी लंगडणाऱ्या धाकट्याला आधार देत लिफ्टकडे निघालो. मागून थोरला त्याला हाका मारत होता, आधी शिव्या घालून आणि मग त्याच्या लहानपणीच्या नावाने. धाकट्याने मला लिफ्टचं बटण दाबायला सांगितलं, कारण त्याचे हात बांधलेले होते.